नकाशाला उंची नसते

१

सकाळी उठल्यावर भीमसिंग आडे पहिलं काम करत ते बाज अंगणात काढायचं. रात्री थंडी म्हणून आत, सकाळी ऊन म्हणून बाहेर. बाज कुशीवर करायची, पायथ्याची बाजू आधी दाराबाहेर घालायची, मग उशाकडची वळवून घ्यायची. यवतमाळला कॉलेजात उभी हयात भूगोल शिकवलेला माणूस, नावामागे डॉक्टर. पण तांड्यावर परत आल्यापासून ही सकाळची हमाली त्यांनी कोणाला करू दिली नव्हती. अंगणात बाज पडली की दिवस रांगेला लागे.

त्या दिवशी बाज वळेना.

पायथा दाराबाहेर निघायच्या आधीच उसं मागच्या भिंतीला टेकलं. त्यांनी मागे ओढली, तिरकी केली, पुन्हा रेटली. पुन्हा टेकलं.

"काय खाटखुट लावली सकायी सकायी?" धुरपताबाई चुलीपासून म्हणाल्या.

"बाज निघत नाही. कापूस जास्त भरला का आपण?"

खोलीच्या एका कोपऱ्यात वेचणीचा कापूस रचलेला होता. भाव चढेपर्यंत तो घरातच राहायचा; दर साली असंच.

"कापूस काय रातच्यानं वाढते?" बाई हसल्या. "तुमीच वाकडे धरून राह्यले असान."

शेवटी त्यांनी बाज उभी केली. चार पायांवर चालणारी वस्तू दोन पायांवर उभी केली की माणसासारखी दिसते. उभी करून मात्र ती सहज फिरली, कारण वर जागा भरपूर होती. बाहेर उन्हात बसल्यावर त्यांना वाटलं, छत इतकं उंच होतं का आपलं?

मग त्यांनी चहा घेतला आणि विचार सोडून दिला. वय झालं की हात चुकतात, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. स्वतःला दोष देणं त्यांना नेहमीच सोपं जाई. चारचौघांत देणं मात्र कधी जमलं नव्हतं.

२

दिवाळीनंतर तांड्याची सभा झाली होती.

जुन्या काळी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरणारी ही माणसं. झरीच्या जंगलाकडेला टेकली, घरं बांधली, कापूस पेरू लागली. पण घराखालची जमीन कागदावर त्यांची नव्हती. आता ती गावठाण म्हणून लागायची होती. अर्जासोबतच्या ठरावात तांड्याचं क्षेत्र लिहायचं होतं, आणि जेवढं लिहिलं तेवढंच पदरात पडणार होतं.

"मोजणी कायले पाह्यजे?" तांड्याचे नाईक देवीलाल म्हणाले होते. "आपल्या घरात डॉक्टर आहे भूगोलाचा. दुसऱ्या तांड्यायले आहे का?"

मुकुटबनहून भीमसिंग नकाशाची झेरॉक्स घेऊन आले. मूळ नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे चाळीस मीटर. पण मोठा कागद मशीनवर मावेना म्हणून दुकानदारानं तो लहान करून काढला होता. भीमसिंगांच्या नजरेतून हे सुटलं नाही. कोपऱ्यातली प्रमाणाची पट्टी मोजली, तर ती नेमकी निम्मी भरली. देवीलालला त्यांनी ते कौतुकानं दाखवलंसुद्धा: "कागद लहान झाला, नाईक. दुसरा कोणी असता तर इथंच फसला असता."

मग चौकटींचा पारदर्शक कागद नकाशावर ठेवला. तांड्याच्या हद्दीत पडलेले चौरस मोजायचे. कडेचा चौरस अर्ध्याहून जास्त आत असेल तर धरायचा, कमी असेल तर सोडायचा. सारी आकडेमोड एका बैठकीत झाली. डोळे थोडे चुरचुरत होते. बाहेर लोक वाट पाहत होते.

सेवाभायाच्या मंदिरापुढे सगळा तांडा बसला होता. त्यांनी उभं राहून आकडा सांगितला. सहा एकर.

मग देवीलाल म्हणाले, "कमी भरली जराशी. पर सर म्हणतात म्हंजे तेवढीच असंन." आणि टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर बायकांतून लालीबाई उठली. भीमसिंगांच्या चुलतभावाची विधवा. नात्यानं भोजाई, म्हणून चेष्टा करायचा हक्क तिचा. तांड्याच्या पार पश्चिमेला, नाल्याच्या काठावर तिचं एकटीचं घर.

"भीमू सर, त्या चौकटीत माहं घर आलं ना? म्या कडंले आहो म्हणून इचारलं. नाई त मले नाल्यात बसवसान."

लोक हसले. भीमसिंगही हसले.

"आलं, भोजाई. पूर्ण आलं."

"मंग झालं," म्हणून ती हातातली रुप्याची कडी वाजवत खाली बसली.

३

बाज अडकल्याला काही दिवस होऊन गेले. आता ती रोज उभी करूनच काढावी लागे, आणि धुरपताबाईंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आवाज मात्र भीमसिंगांना सोसेनात. शेजारच्या घरातला खोकला आपल्या उशाशी ऐकू येई. कोणाची शेळी अंग झाडी, तर तिच्या गळ्यातली घंटी थेट कानात वाजे. थंडीच्या कोरड्या हवेत आवाज दूरवर जातो, हे त्यांना ठाऊक होतं. वर्गात त्यांनीच शिकवलं होतं. पण एका दुपारी पेपर वाचताना त्यांना कड्यांचा आवाज आला. रुप्याची जड कडी, एकीवर एक आपटणारी. ती साऱ्या तांड्यात एकाच हातात होती. आणि ते घर तर तांड्याच्या दुसऱ्या टोकाला होतं.

त्यांनी पेपर खाली ठेवला. आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा, पण दबका, कापसात गुंडाळल्यासारखा येत होता.

"लालीबाई आली होती का?"

"नाई बा. लय दिवसाची दिसली नाई," धुरपताबाई तुरीच्या शेंगा सोलत म्हणाल्या. "असंन घरीच. आवाज त येते ना."

त्यांनी फडताळातून टेप काढला. ही खोली त्यांनी निवृत्तीच्या वेळी बांधून घेतली होती. बारा फूट लांब, असं त्यांना पक्कं आठवत होतं, कारण गवंड्याशी त्यावरून वाद घातला होता. टेपचं टोक एका भिंतीला लावून ते दुसऱ्या भिंतीकडे गेले. साडेआठ फूट भरली.

टेप जुना असेल म्हणून त्यांनी तो स्वतःच्या उंचीला लावून पाहिला. टेप बरोबर होता.

"धुरपता, ही खोली बारा फुटांची होती ना?"

"कधी? एवढीच त होती." बाईंनी मान वर केली नाही. "आपण म्हातारे झालो, आकसलो. घरही आकसंन त काय नवल. झोपतानी पाय पोटाशी घेतले का मावते माणूस."

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की त्या रोज तशाच झोपत होत्या. आणि आपणही.

त्यांनी वर पाहिलं. आढं जिथं होतं तिथंच होतं. भिंती जवळ आल्यामुळे ते वर गेल्यासारखं वाटत होतं, विहिरीतून आकाश वाटतं तसं. लांबी कमी, रुंदी कमी, उंची मात्र तेवढीच. असं का व्हावं? त्यांच्या मनात उत्तर आपोआप उमटलं, वर्गात उमटायचं तसं: नकाशाला उंची नसते.

४

हा विचार मूर्खपणाचा आहे हे त्यांना कळत होतं. कागद जमिनीचा चाकर. जमीन कागदाची नव्हे. तरी ते नकाशा घेऊन बसले.

कागद लहान झाला म्हणून एक सेंटिमीटर आता ऐंशी मीटरचा. इथवर ठीक. मग एक चौरस सेंटिमीटर म्हणजे? त्यांनी स्वतःच्याच जुन्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मूळ चौरसाचं क्षेत्र घेतलं होतं आणि त्याला दोननं गुणलं होतं.

दोननं.

त्यांचं बोट तिथंच राहिलं. लांबी दुप्पट झाली की रुंदीही दुप्पट होते, क्षेत्र चौपट. पहिल्या वर्षाच्या पोरांना ते हेच पहिल्या आठवड्यात शिकवत. जो चुकेल त्याला उभं करत आणि म्हणत, "आपलं शेत वाटणीत असं मोजशील का रे?" वर्ग खदाखदा हसे. उभा राहिलेला पोरगा खाली पाही. तशी कितीतरी मुलं त्यांनी उभी केली होती.

तांडा सहा एकर नव्हता. बारा होता.

घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी त्यांनी हातानं कागद झाकला.

आणि मग त्यांना आणखी एक दिसलं. मोजलेल्या प्रत्येक चौरसात त्यांनी पेन्सिलीची बारीक टिंबं दिली होती. पश्चिमेच्या कडेला, नाल्याच्या रेषेनं कापलेल्या एका चौरसात टिंब नव्हतं. तो अर्ध्याहून किंचित कमी आत होता. नियमाप्रमाणे सोडायचा, सोडला होता. त्या तेवढ्या तुकड्यात काय आहे, हे त्यांनी तेव्हा पाहिलंच नव्हतं. आणि सभेत मात्र बेधडक सांगितलं होतं: आलं, भोजाई. पूर्ण आलं.

भिंतीपलीकडे कडी वाजली. हळू, अंग चोरून काम करणाऱ्या बाईची वाजावी तशी.

पुढं काय करायचं हे स्पष्ट होतं. ठराव अजून देवीलालच्या घरी होता. सोमवारी सकाळच्या एसटीनं तो झरीला तहसील कचेरीत जाणार होता. त्याआधी आकडा बदलला, तर तांडा बारा एकर राहील. नाही बदलला तर... या 'तर'च्या पुढं त्यांच्या बुद्धीनं जायचं नाकारलं. भिंती दमटपणानं फुगतात, स्मरण दगा देतं, असली जुनी कारणं ती पुन्हा चाचपू लागली.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी देवीलाल कापूस घेऊन मारेगावला गेले होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते घरी होते, पण पाहुणे होते. पाहुण्यांसमोर कसं बोलायचं. भीमसिंग त्यांच्या ओट्यावरून तसेच परत आले. जाताना वाट जेवढी वाटली, येताना त्याहून तोकडी वाटली.

५

सोमवारी ऊन पडायच्या आत ते देवीलालच्या दारात उभे होते. नाईक पांढरा सदरा घालून आरशात पाहत होते. पिशवी खुंटीला लटकत होती.

"या सर. चा घ्या. एसटीले टाइम आहे अजून."

ओसरीत दोन माणसं समोरासमोर बसली तर गुडघे लागत होते. देवीलाल सवयीनं तिरपे बसले. भिंतीवर भीमसिंगांच्या सत्काराचा फोटो होता; हार, शाल, आणि मागं उभा असलेला सगळा तांडा.

"नाईक, एक सांगायचं होतं." त्यांनी फोटोवरून नजर काढली. "आकडा चुकला."

"कोणता?"

"क्षेत्राचा."

देवीलाल मोठ्यानं हसले. "सर, सकायीच मजाक करून राह्यले. तुमचा आकडा चुकते काय?"

"मजाक नाही."

देवीलालचं हसू हळूहळू ओसरलं. चेहऱ्यावर राग नव्हता. काळजी होती, सरांविषयीची.

"खरंच म्हणता? मंग काई वांधा नाई. आजची एसटी सोडतो मी." ते उठलेच. "समद्यायले बोलावतो मंदिरापाशी. पोट्ट्यायलेबी. शाळेतून फळा आणतो. तुमी मांडून सांगा, कुठं चुकलं थे, काहून चुकलं. म्हंजे कोणाच्या मनात राहणार नाई. लोकं इचारतीन ना बाप्पा, सरचं कसं चुकलं म्हणून."

त्यांनी ते अगदी प्रेमानं म्हटलं. भीमसिंगांना फळा दिसला. हातातला खडू दिसला. दोनच्या जागी चार. पुढच्या रांगेतलं एखादं आठवीतलं पोरगं, हे तर आम्हालाही येते, असं शेजारच्याला सांगणारं. हसणारा वर्ग. आणि उभे असलेले आपण, खाली पाहत.

"नाही," त्यांच्या तोंडून निघालं. "राहू द्या. मी तुमची परीक्षा पाहत होतो."

"कशी परीक्षा?"

"विश्वास किती आहे ते."

देवीलालनं छातीवर हात ठेवला. "घाबरवलं बावा तुमी मले." मग ते पुन्हा हसले, जास्तच मोठ्यानं, आणि पिशवी काढून खांद्याला अडकवली. "चला, निघतो. फाट्यावर जागा पकडा लागते."

भीमसिंगही हसले. आपलं हसू त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकू आलं. चहाचा कप रिकामा करून त्यांनी तो खाली ठेवला. ठेवायला जागा शोधावी लागली.

६

ते घरी गेले नाहीत. पाय पश्चिमेकडे वळले.

पूर्वी लालीबाईकडे जायचं म्हणजे वाटेत एकदा पारावर टेकावं लागे. आज पार आला आणि गेला, आणि लगेच शेवटची रांग समोर आली. घरं खांद्याला खांदा लावून उभी होती. जत्रेतल्या गर्दीत माणसं उभी राहतात तशी, कोणी तक्रार न करता. जमनाबाई दारात मिरच्या निवडत बसली होती. तिची कोपरं दोन्हीकडच्या चौकटीला लागत होती.

"कोणाकडं चालले, सर?"

"लालीबाईकडे."

"जा ना. घरीच आहे." तिनं मानेनं खुणावलं. "बाजूनं जा. जरासं अडचणीचं झालं तिकडं."

जमनाबाईच्या घराची भिंत संपली की लालीबाईचं अंगण सुरू व्हायचं. बोरीचं झाड, मग घर, मग नाला. आता जमनाबाईची भिंत संपली आणि नाल्याची दरड लागली. दोहोंच्या मध्ये एक फट होती.

भीमसिंग तिथं पुष्कळ वेळ उभे राहिले. फट आहे, पाण्यानं माती खचली असेल, असं ते मनाशी म्हणत होते. मग त्यांना फटीत दार दिसलं. मोडकं नव्हतं, तुटलेलं नव्हतं. चौकट, कोयंडा, उंबऱ्यावरचं हळदीकुंकू, सगळं जागच्या जागी होतं. दार नेहमीच्या दाराएवढंच उंच होतं. रुंद मात्र तळहाताएवढं.

आत कडी वाजली.

"कोण आहे?"

आवाज लालीबाईचाच. बारीक झालेला नाही, घाबरलेला नाही. दुपारी दळण करताना कोणी आलं तर विचारावं तसा.

"मी. भीमसिंग."

"आव, भीमू सर. बेस," ती आपल्या बोलीत म्हणाली, आणि मग थोडं थांबून, "बसा म्हणलं, पर उभ्यानंच बोला आता. पाणी आणतो."

त्यांना नको म्हणायचं होतं. तांड्यात दारी आलेल्याला पाणी दिल्याशिवाय परत पाठवत नाहीत आणि दिलेलं पाणी कोणी नाकारत नाही; नाकारणं म्हणजे त्या घराला घर न मानणं. ते उभे राहिले. आत काहीतरी घासत घासत जवळ आलं, भिंतीला पोतं घासावं तसं. खूप वेळ लागला त्याला. मग दाराच्या कडेतून पितळी गिलास आला, आडवा होऊ शकत नव्हता म्हणून अगदी सरळ, आणि त्याला धरलेली चार बोटं.

त्यांनी गिलास घेतला. बोटं गार नव्हती.

पाणी पिताना त्यांनी एक डोळा फटीला लावला. लावायला नको होता. आत वरच्या कौलांतून उजेड येत होता, फार वरून. एक बाज उभी करून ठेवलेली होती. घरातला कापूस भिंतीला चापून वर आढ्यापर्यंत गेला होता, गादीसारखा. आणि त्याच्या समोर लालीबाई उभी होती, दाराकडे कूस करून. अरुंद बोळात समोरून कोणी आलं की आपण वाट देण्यासाठी भिंतीला पाठ लावून उभे राहतो, तशी. तिचा चेहरा त्यांच्याकडे नव्हता. तिनं तो वळवला नाही. थोड्या वेळानं त्यांना कळलं, वळवता येत नव्हता.

"भोजाई," ते म्हणाले, "जागा... आहे ना?"

"आहे ना." ती समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखी बोलली. आवाजात तीच जुनी चेष्टा होती, आणि चेष्टेखाली कुरकुरीचा मागमूस नव्हता. "तुमी सांगतली तेवढी आहे."

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. फाटा तसा दूर होता, पण हॉर्न पाठीशी वाजल्यासारखा वाजला. देवीलाल चढत असतील. पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसत असतील, कंडक्टरला सांगत असतील, आमच्या सरनं मोजलं म्हणून. आता पळत सुटलं तरी, हात वर केला तरी, फळ्यासमोर उभं राहिलं तरी आकडा अजून थांबला असता. भीमसिंग मागं वळले नाहीत. त्यांचे दोन्ही हात रिकाम्या गिलासाभोवती घट्ट आवळलेले होते.

"माझं चुकलं, भोजाई." पहिल्यांदा ते पूर्ण वाक्य तोंडातून निघालं, आणि निघालं ते फटीत. "मी दोननं गुणलं. चारनं गुणायला पाहिजे होतं. आणि तुमचं घर मी धरलंच नव्हतं. माझं चुकलं."

एसटी निघाल्याचा आवाज आला. जमनाबाईच्या भिंतीतून थोडी माती गळून त्यांच्या खांद्यावर पडली. आत कडी एकदा वाजली, हात उचलायला गेल्यासारखी, आणि अर्ध्यातच थांबली.

लालीबाई हसली. फार मायेनं.

"काईतरीच," ती म्हणाली. "तुमचं कसं चुकंन, सर."